रुळाखालचे लाकूड

(जुन्या वस्तूचा पुन्हा उपयोग करणे ही चांगली सवय आहे. परंतु एका कामासाठी उत्तम असलेली वस्तू दुसऱ्या कामासाठी योग्य असेलच, असे नाही. वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत बाग तयार करताना आलेला अनुभव या पाठात सांगितला आहे. रेल्वेच्या लाकडी स्लीपरची माहिती आणि बागेसाठी लाकूड कसे निवडावे, कसे बसवावे, हेही या पाठात वाचायला मिळेल.)

आमच्या शाळेच्या मागे थोडी उताराची जागा आहे. वरच्या बाजूला पाण्याचा नळ आणि एक कडुनिंबाचे झाड, खालच्या बाजूला खेळाचे मैदान. जमीन काळी. पावसाळ्यात वरची माती वाहून मैदानात येई आणि मुलांचे पाय घसरत. उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडत. या जागेवर बाग करावी, असे आम्ही एका वर्षी ठरवले. उतारावर तीन पायऱ्या, बाजूला सांबार, पालक आणि टोमॅटो यांचे वाफे आणि कडुनिंबाखाली बसायला एक बाक, एवढीच आमची योजना होती.

ही गोष्ट शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला कळली. त्याने एप्रिल महिन्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आठ जुने लाकडी स्लीपर पाठवून दिले. स्लीपर म्हणजे रेल्वेच्या रुळांखाली आडवे टाकलेले जाड ओंडके. काळेभोर, जड आणि दणकट. त्यांवर खिळ्यांची मोठमोठी छिद्रे होती. मला फार आनंद झाला. ज्यांच्यावरून आगगाड्या गेल्या, ते लाकूड आपल्या बागेत शंभर वर्षे टिकेल, असे मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितले.

त्याच दिवशी सुतार आला. वाफ्याच्या मापाने त्याने एक स्लीपर कापला. करवत कशीबशी चालत होती. कापलेल्या भागातून डांबरासारखा उग्र वास आला. दुपारी ऊन वाढले, तेव्हा लाकडाच्या अंगावर काळे, चिकट थेंब दिसू लागले. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते थेंब पाहूनही मला काही शंका आली नाही. मुलांनी हातांनी ढलप्या गोळा केल्या आणि एका कोपऱ्यात त्यांचा ढीग लावला.

त्या मुलांमध्ये सातवीतला एक मुलगा होता. संध्याकाळी तो घरी गेला, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर काळा डाग होता. त्याचे दादा, म्हणजे आजोबा, रेल्वेत गँगमन होते. त्यांची सारी नोकरी रुळांची देखभाल करण्यात गेली होती. त्यांनी सदरा नाकाजवळ नेला आणि विचारले, "हा वास तर सिलीपाटाचा आहे. तू कुठे गेला होतास?" जुने कामगार स्लीपरला सिलीपाट म्हणत. मुलाने बागेची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून दादा गंभीर झाले. ते म्हणाले, "सकाळी लवकर शाळेत जा. त्या लाकडाचा एक तुकडाही चुलीत जाऊ देऊ नकोस. मी मागून येतो."

दुसऱ्या दिवशी मुलगा धावतच शाळेत आला. पाहतो तर काय! शालेय पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी कोपऱ्यातल्या ढलप्या उचलून चुलीजवळ आणून ठेवल्या होत्या. आयते वाळलेले सरपण मिळाले, म्हणून त्या खुशीत होत्या. त्यांच्या हातात आगपेटी होती.

"मावशी, थांबा!" मुलगा ओरडला. "हे लाकूड चुलीत घालू नका!"

"काहून रे बाप्पा? चांगलं तर आहे."

"चांगले नाही, मावशी. यात औषध भरलेले आहे. याचा धूर वाईट असतो. माझे दादा रेल्वेत होते, त्यांनी सांगितले. तुमच्या डोळ्यांत, छातीत धूर जाईल आणि खिचडीलाही लागेल."

मावशींनी आगपेटी खाली ठेवली. वर्गात मराठीचा पाठ वाचताना हा मुलगा दर ओळीला अडखळत असे. त्या दिवशी तो एकदाही अडखळला नाही.

थोड्या वेळाने दादा आले. मी त्यांना खुर्ची दिली. पण ते आधी स्लीपरजवळ गेले. त्यांनी एक लहान दगड घेऊन प्रत्येक स्लीपरवर ठोकून पाहिले. काहींचा आवाज खणखणीत आला, तर दोघांचा भद्द आला. ज्यांचा आवाज भद्द आला, ते आतून कुजले होते. मग त्यांनी कापलेला भाग पाहिला. लाकडाच्या कडेचा बराच भाग काळा होता. मधला गाभा मात्र तांबूस होता. "हे काळे बाहेरून लावलेले नाही. दाबाने आत भरलेले आहे," ते म्हणाले. दादा उर्दूतून बोलत होते. त्यांनी जे सांगितले, ते मी येथे मराठीत सांगतो. त्यात मला पुढे वाचून मिळालेली माहितीही आहे.

आपल्या देशात पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. आपल्याच जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची लहान रेल्वे १९१७ मध्ये सुरू झाली. आता ती गाडी धावत नाही. पण म्हातारी माणसे तिची आठवण अजून काढतात. मोठ्या मार्गावर दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते. पुलगाव–आर्वी मार्गावर ते फक्त ७६२ मिलिमीटर होते.

हे अंतर कायम राखणे, हे स्लीपरचे पहिले काम. गाडीचा भार खालच्या खडीवर सारखा पसरवणे, हे दुसरे काम. मोठ्या मार्गाचा लाकडी स्लीपर सुमारे २७५ सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड असे. एका किलोमीटरला असे दीड हजारांहून अधिक स्लीपर लागत. हिशेब करून पाहा. एका किलोमीटरला १३४ घनमीटरहून अधिक लाकूड झाले! एवढे लाकूड जंगलातूनच येई. रेल्वेसाठी झाडे झपाट्याने तुटू लागली. लाकडाचा हा पुरवठा चालू राहावा, हे १८६४ मध्ये सरकारने वन विभाग स्थापन करण्यामागचे एक मोठे कारण होते.

सर्व लाकडे सारखी नसतात. साग आणि साल यांचे गाभ्याचे लाकूड मुळातच टिकाऊ असते. साग आपल्या जिल्ह्यात बोरच्या जंगलात दिसतो. साल मात्र छत्तीसगड, ओडिशा अशा पूर्वेकडच्या भागांत आढळतो. ही टिकाऊ लाकडे कमी पडू लागली, तेव्हा हिमालयातील चीड आणि देवदार यांचे लाकूडही वापरू लागले. चीडाचे लाकूड मऊ असते. ते ओल्या खडीत कुजते आणि त्याला वाळवी लागते. म्हणून कारखान्यात मोठ्या बंद टाकीत ते ठेवून, दाब देऊन, त्यात क्रिओसोट नावाचे तेल भरत. क्रिओसोट दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात. ते बुरशीला आणि वाळवीला मारते. म्हणूनच असे लाकूड उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकते.

जे तेल वाळवीला मारते, ते माणसाला चांगले कसे असेल? क्रिओसोट त्वचेला लागले की आग होते. उन्हात ती अधिक होते. त्यापासून कर्करोग होण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हटले आहे. लाकूड जाळले, तर त्यातील विषारी द्रव्ये धुरात आणि राखेत येतात. युरोपीय संघाने २००३ पासून असे जुने लाकूड खेळाच्या मैदानात आणि जेथे लोकांच्या त्वचेचा वारंवार स्पर्श होऊ शकतो अशा बागांत वापरण्यास मनाई केली.

हे सर्व ऐकून मी विचारले, "दादा, वरून रंग दिला तर चालेल का?"

दादा हसले. "सर, ऊन तापले की तेल रंगातूनही बाहेर येते. रुळाला डांबर चालते. रोपाला चालत नाही आणि पोरांना तर मुळीच चालत नाही."

"पण काही स्लीपर सागाचे, बिनतेलाचेही असतील ना?"

"असतील. पण लाकूड जुने झाले की वरचा भाग राखाडी होतो आणि वास उडून जातो. मग बिनतेलाचे कोणते, हे नुसते पाहून खात्रीने सांगता येत नाही. ज्याची खात्री नाही, ते तेलाचे आहे असेच धरून चालावे."

मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, "याची पावती आहे का?" रेल्वे आपले निरुपयोगी झालेले सामान लिलावाने विकते. तेथून घेणाऱ्याकडे कागद असतो. परंतु चोरीचे रेल्वेचे सामान जवळ बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. सुदैवाने आमच्या माजी विद्यार्थ्याजवळ पावती होती.

मी त्याला दूरध्वनी केला. त्याला वाईट वाटले. पण त्याने रागावून घेतले नाही. आठही स्लीपर त्याने परत नेले. कापताना पडलेला भुसा, ढलप्या आणि त्या जागेवरची थोडी माती आम्ही पोत्यांत भरून त्यासोबत पाठवली. या वेळी मुलांना दूर ठेवले. उचलणाऱ्यांनी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घातले. एका स्लीपरला चार माणसे लागली. सालाचे लाकूड एका घनमीटरला सुमारे ८५० किलो भरते. त्या हिशेबाने एक स्लीपर सुमारे शहात्तर किलोचा होतो. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुतले आणि ते कपडे वेगळे धुवायला सांगितले. विकणाऱ्याने ते स्लीपर आपल्या आवारात ट्रक उभे करण्याच्या जागेला कडा म्हणून लावले. तेथे विहीर नाही, भाजी नाही आणि मुलेही खेळत नाहीत. जुन्या स्लीपरला अशी जागा शोभते.

आता बागेचे काय करायचे? भाजीच्या वाफ्यांसाठी लाकडाची गरजच नव्हती. आपल्याकडे काळा दगड मुबलक मिळतो. १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. तेथील कुट्या माती, बांबू, लाकूड अशा जवळपास मिळणाऱ्या साहित्याच्याच आहेत. त्या पाहिलेल्या मुलांना ही गोष्ट पटवून द्यावी लागली नाही. वाफ्यांच्या कडेला आम्ही काळे दगड लावले.

पायऱ्या आणि बाक यांसाठी मात्र लाकूड हवे होते. माजी विद्यार्थ्याने आरा गिरणीतून स्लीपरच्या जाडीचे, पण बिनतेलाचे, सागाचे नवे तुकडे कापून आणले. ते निवडायला दादा सोबत गेले. त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, लाकूड गाभ्याचे आहे की कडेचे. सागाच्या कडेचा फिकट भाग वाळवी लवकर खाते. गाभ्याचा पिवळसर तपकिरी भाग टिकतो. दुसरी, टोकापासून आत गेलेली मोठी भेग आहे काय. तिसरी, तुकडा सरळ आहे की पिळलेला. पिळलेला तुकडा जमिनीवर नीट बसत नाही.

बसवण्याचे कामही दादांनीच सांगितले. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. तिच्यावर लाकूड तसेच ठेवले, तर एका वर्षात पायऱ्या वाकड्या होतात. म्हणून प्रत्येक पायरीखाली आम्ही चर खणला. काळी माती काढून त्यात १५ सेंटिमीटर मुरूम आणि खडी भरली आणि धुम्मसाने ठोकून घट्ट केली. मग त्यावर लाकूड ठेवले. पाणसळ लावून ते समपातळीत आहे की नाही, हे पाहिले. पाणी साचू नये म्हणून पुढच्या बाजूला अगदी किंचित उतार दिला.

लाकूड पुढे सरकू नये म्हणून सुताराने गिरमिटाने दोन्ही टोकांना छिद्रे पाडली. त्यांतून लोखंडी सळया खाली जमिनीत ठोकल्या. सळईची वरची टोके लाकडाच्या आत दबवली, म्हणजे कोणाच्या पायाला लागणार नाहीत. लाकडाच्या मागे मातीऐवजी खडी भरली, म्हणजे पावसाचे पाणी अडून लाकडावर दाब येणार नाही. तुकड्याची जाडी १३ सेंटिमीटर होती. तीच पायरीची उंची झाली. लहान मुलांना ती चढायला सोपी जाते. मी म्हणालो, "दादा, एकावर एक चार तुकडे रचून उंच भिंतही करता येईल." ते म्हणाले, "दोन थरांच्या वर जाऊ नका. भिजलेल्या मातीचा रेटा फार असतो. उंच भिंत हवी असेल तर जाणकार गवंडी किंवा अभियंता बोलवा."

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पाठोपाठ पाऊस आला. पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मागे गेलो. पायऱ्या जागच्या हलल्या नव्हत्या. मैदानात चिखल आला होता. पण पूर्वीच्या मानाने फार थोडा. पुढे वाफ्यात सांबार उगवला. मावशी तो खुडून खिचडीत घालू लागल्या. त्या कधी कधी त्या मुलाला हाक मारून विचारतात, "काय रे, हा घालू का?" आणि तो हसून म्हणतो, "हा घाला, मावशी."

मी शिक्षक आहे. लाकडाची मजबुती मला दिसली. त्यात भरलेले तेल मला दिसले नाही. ज्यांनी ते लाकूड आयुष्यभर खांद्यावर वाहिले, त्यांना ते वासावरून कळले. कोणतीही जुनी वस्तू घरी आणण्यापूर्वी आता मी तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू पूर्वी कोणत्या कामाला होती? त्या कामासाठी तिच्यात काय मिसळले होते? आणि आता तिला कोणाचा हात लागणार आहे? हे तीन प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा.

शब्दार्थ

सांबार – कोथिंबीर (विदर्भातील शब्द)
ढलपी – लाकडाचा पातळ तुकडा
सरपण – चुलीत जाळायचे लाकूड
काहून – का, कशासाठी (आपल्या भागातील बोली)
गाभा – आतला मुख्य भाग
वाळवी – लाकूड खाणारा किडा, दीमक
धुम्मस – जमीन ठोकून घट्ट करण्याचे साधन
पाणसळ – पातळी पाहण्याचे साधन
गिरमिट – लाकडाला छिद्र पाडण्याचे हत्यार
आक्रसणे – आकाराने लहान होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाचे दादा रेल्वेत कोणते काम करत होते?
(आ) क्रिओसोट कशापासून काढतात?
(इ) पुलगाव–आर्वी रेल्वे कोणत्या वर्षी सुरू झाली?

२. कारणे लिहा.
(अ) मुलाने मावशींना चूल पेटवू दिली नाही.
(आ) पायऱ्यांखाली मुरूम आणि खडी भरली.
(इ) लाकूड निवडताना दादांनी गाभा पाहिला.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रेल्वेमुळे जंगलावर कोणता परिणाम झाला?
(आ) "रुळाला डांबर चालते, रोपाला चालत नाही," या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. भाषाभ्यास
बाग, जमीन, हवा, हिशेब हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. परंतु लिंग नेहमी सारखे नसते. उर्दूत 'बाग' पुल्लिंगी आहे; मराठीत आपण 'ती बाग' म्हणतो. उर्दूत 'लकडी' स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'ते लाकूड' नपुंसकलिंगी आहे. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचे लिंग लिहा.

५. उपक्रम
तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध कामगाराला भेटा. त्यांच्या कामातील एखाद्या वस्तूची माहिती विचारा आणि ती मराठीत दहा ओळींत लिहा.